शब्दविचार : ‘इनऑर्डिनेट’

न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्या इंग्रजीत ‘इनऑर्डिनेट’ हे विशेषण वारंवार भेटते. कोशात ‘अत्यधिक’ असा अर्थ सापडतो आणि आपण त्याची सांगड ‘अमाप’शी घालून मोकळे होतो. घोटाळा तेथेच होतो. मराठीत ‘अमाप’ ही स्तुतीही असू शकते : अमाप उत्साह, अमाप माया. ‘इनऑर्डिनेट’मध्ये मात्र दोषारोप असतो. मुलीच्या शिफारसपत्रात तिच्या उत्साहाला हे विशेषण लावले, तर तिला आवर घालावा लागतो, असेच वाचणारा समजेल.

याचे कारण व्युत्पत्तीत आहे. लॅटिन ‘ऑर्डो’ म्हणजे क्रम, व्यवस्था. ऑर्डर, ऑर्डिनरी, सबऑर्डिनेट हे शब्द त्याच कुळातले. व्यवस्थेत न बसणारे ते इनऑर्डिनेट. १६११ च्या इंग्रजी बायबलात ते आसक्तीला लावलेले आहे. ‘बेसुमार’ जवळ येतो, पण तो मोजणीचा शब्द आहे. खरा जोडीदार ‘अवाजवी’. वाजवी काय हे गृहीत धरल्याखेरीज अवाजवी म्हणताच येत नाही.

आणि ते ठरवायचे कोणी? भारतात फाशीच्या कैद्यांच्या बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा ठरला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दोन वर्षांहून अधिक विलंब फाशी रद्द होण्यास पुरेसा मानला. त्रिवेणीबेन प्रकरणात, १९८९ च्या निकालपत्रात, घटनापीठाने अशी ठरावीक मुदत नाकारली. पुढे २१ जानेवारी २०१४ रोजी, शत्रुघ्न चौहान प्रकरणात, पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत आधार होता दयेच्या अर्जावरील ‘इनऑर्डिनेट’ विलंबाचा. मुदतीचा आकडा नाही, तरीही विशेषणाने प्राण वाचवले, कारण प्रत्येक अर्ज किती काळ कोठे पडून राहिला हे न्यायालयाने तारखांनिशी तपासले.

व्हिसाच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या तक्रारीत आपणही हा शब्द जरूर वापरावा. पण अर्ज कधी दिला, स्मरणपत्रे कधी धाडली, हे त्याच्या शेजारीच लिहावे. एरवी ती नुसती चिडचिड वाटते. त्याला ‘व्हेरी’ची जोड देऊ नये, मर्यादा ओलांडल्याचे त्यातच आलेले असते. आणि बस उशिरा आली म्हणून थांब्यावर कोणी हा शब्द उच्चारत नाही. तेथे ‘टू लाँग’ पुरते.