व्हिसा, नोकरी आणि दोन महिन्यांचा गणवेश



"नोकरी सांभाळून सैन्यात जाता येतं का? आणि पुढे कंपनीनं परदेशी पाठवलं तर काय?" आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींकडून हा प्रश्न वर्षभरात मला चार-पाच वेळा तरी आला. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: हो, येतं. दुसऱ्या भागावर जरा सविस्तर बोलायला हवं, म्हणून यावेळचं सदर त्यावरच.

आधी टेरिटोरियल आर्मी म्हणजे काय ते पाहू. हिला मराठीत प्रादेशिक सेना म्हणतात. कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचं औपचारिक उद्घाटन केलं. आपला कामधंदा करणाऱ्या नागरिकांनी वर्षातला काही काळ गणवेश घालून शिकायचं आणि गरज पडली की हजर व्हायचं, ही मूळ कल्पना. 'सावधानी व शूरता' हे तिचं ब्रीद.

अधिकारी व्हायचं असेल तर वय १८ ते ४२, कोणत्याही शाखेची पदवी, शारीरिक तंदुरुस्ती, भारतीय नागरिकत्व आणि स्वतःची कमाई, या अटी. शेवटची अट नीट वाचा. इथे बेकाराला जागा नाही, कारण ही पूर्णवेळ नोकरी नव्हेच. आपल्या उधना-पांडेसऱ्यात ज्यांचे स्वतःचे लूम आहेत किंवा रिंग रोडच्या मार्केटमध्ये दुकान आहे, तेही बसतात. मुलींनाही दार उघडं आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तसा निकाल दिला. लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी, असा क्रम असतो.

निवड झाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण, पहिल्या दोन वर्षांत कधीतरी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत तीन महिने, आणि दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर. सेवेत असताना पगार नियमित अधिकाऱ्यासारखा. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकानं पुन्हा कामावर घ्यावं, अशी तरतूदही कायद्यात आहे.

धोनीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याला २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला आणि २०१९ मध्ये तो काश्मीरमध्ये आपल्या पॅरा बटालियनबरोबर राहूनही आला. पण मानद हुद्दा वेगळा आणि परीक्षा देऊन मिळवलेला वेगळा. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर हे दोघे खासदार असताना निवड प्रक्रियेतून अधिकारी झाले. खासदाराला वेळ काढता येतो, तर आपल्याला का नाही, असा विचार मनात येतोच!

आपल्या मराठी मुलखात या सेनेची ठाणी जवळच आहेत. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या बटालियन आहेत, देवळालीत पॅरा बटालियन आहे. महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ इको बटालियन २०१७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभी राहिली. तिचं मुख्य काम उजाड डोंगरांवर झाडं लावणं आणि जगवणं. पूर, भूकंप अशा संकटांत मदतीला जाणं हेही या सेनेच्या कामात येतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा गणवेशातल्या माणसांची किंमत सुरतकरांना वेगळी सांगावी लागली नाही.

आता दुसरा भाग, परदेशाचा.

आम्हा आयटीवाल्यांना 'ऑन-कॉल' हा शब्द चांगला ठाऊक आहे. सर्व्हर पडला की फोन येतो, मग तुम्ही लग्नात असा की ट्रेनमध्ये, लॅपटॉप उघडायचाच. राखीव सैनिक हाही ऑन-कॉलच असतो. फरक एवढाच, की त्याला घरून काम करता येत नाही. स्वतः जावं लागतं. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येकाला बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करण्याची त्यात सोय होती आणि मुदत होती ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. ज्यानं फॉर्म भरताना फक्त 'वर्षाला दोन महिने' एवढंच वाचलं होतं, त्याला त्या दिवशी पुढची ओळही वाचावी लागली असेल.

अशा वेळी माणूस टोरांटोत तीन वर्षांच्या असाइनमेंटवर असेल तर? दरवर्षीचं दोन महिन्यांचं शिबिर कसं करणार? परदेशी क्लायंट दरवर्षी दोन महिने सोडेल? आणि पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं तर प्रश्नच मिटतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं संपतं, आणि या सेनेची पहिली अटच ती आहे.

उलट बाजूही पाहायला हवी, कारण तिचा फटका आपल्याच घरांना बसतो. माझा आतेभाऊ सिंगापूरमध्ये पीआर घेऊन राहतो. दादाला स्वतःला तिथे लष्करी सेवा करावी लागली नाही, पण मुलाचा पीआर वडिलांच्या आधारे मिळालेला, त्यामुळे मुलाला ती सक्तीची. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं पूर्णवेळ सेवा, आणि नंतर अनेक वर्षं राखीव दलात बोलावणी. तेराव्या वर्षापासूनच मुलाला तीन महिने किंवा जास्त काळ देशाबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट काढावं लागतं. म्हणजे नातवाला शिकायला दोन वर्षं सुरतेला ठेवू, असं आत्यानं मनात आणलं तरी आधी परवानगी! सेवा टाळली तर दंड किंवा तुरुंग. पीआर सोडून निघून गेलं, तर पुढे त्या देशात शिक्षण-नोकरी मागताना ते आड येतं.

अमेरिकेतली सेना आज ऐच्छिक आहे, पण ग्रीन कार्ड असलेल्या १८ ते २५ वयाच्या मुलांनाही सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी लागू आहे. तिथल्या नॅशनल गार्डचा हिशेब महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे, असा सांगितला जातो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. परदेशी सैन्यात असलेली किंवा तिथून निवृत्त झालेली व्यक्ती ओसीआय कार्डाला पात्र नाही, असं आपल्या वकिलातींच्या सूचनांत लिहिलेलं असतं. सक्तीच्या सेवेचं काय, हे ज्या त्या वकिलातीत लेखी विचारून घ्यावं. मुलानं तिकडे गणवेश घालण्याआधी विचारावं, नंतर नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मी छत्तीस वर्षांचा आहे, म्हणजे हातात सहा वर्षं आहेत. कंपनीनं यंदा तीन वर्षांसाठी युरोपात जायचं विचारलं. घरी बोललो. बायको म्हणाली, "पैसे तिकडे जास्त मिळतील, पण तू परीक्षेचं चार वर्षं बोलतोयस. एकदा काय ते ठरव." आई म्हणाली, "आणि लढाई लागली तर?" मी म्हटलं, "तर जावं लागेल, आई." ती गप्प झाली, पण नाही म्हणाली नाही. मी युरोपाला नकार कळवला आहे. पुढची जाहिरात आली की फॉर्म भरणार. निवड होईलच असं नाही. एसएसबीत भले भले परत येतात.

परदेशी जाणं कमी प्रतीचं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्यातले अनेक आजोबा खानदेशातून, कोकणातून इथे आले ते पोटासाठीच. पण राखीव सैनिक होणं म्हणजे 'मी जवळ असेन' असं वचन देणं. ते वचन आणि दूरची नोकरी एकाच वेळी निभावणं अवघड. आधी सेवा आणि मग परदेश, किंवा आधी परदेश आणि बेचाळिशीच्या आत परत, असा क्रम लावता येतो. तो विशीतच कागदावर मांडलेला बरा.

ज्यांना परीक्षेची तयारी करायची आहे, त्यांनी जरूर सांगा. तर्क, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी एवढाच अभ्यास आहे. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलवर एकत्र बसू. आणि हो, धावण्याचा सरावही लागेल, त्यात मला सगळ्यात जास्त सोबत हवी आहे!