सफेद झूठ आणि व्हाइट लाय

गेल्या अंकात 'से' आणि 'टेल' या दोन क्रियापदांमधला फरक पाहिला होता. त्याच धाग्यानं या वेळी एक छोटासा शब्द घेऊ: 'लाय', म्हणजे खोटं. इंग्रजीत तो तीनच अक्षरांचा. अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो, पण वाक्यात वापरायची वेळ आली की दहावीची मुलंही अडखळतात. मुलं अभ्यास करत नाहीत म्हणून असं होतं, असं आम्हांला वाटत नाही. कारण आपल्या घरच्या भाषांमध्ये आहे.

मराठीत आपण खोटं 'बोलतो'. उर्दूतही झूठ 'बोलते हैं'. म्हणून मुलं बिनदिक्कत लिहितात, 'ही स्पीक्स लाय'. इंग्रजीत खोटं बोलत नाहीत, सांगतात: 'ही टेल्स लाइज', 'शी टोल्ड अ लाय'. नाहीतर 'लाय' हेच क्रियापद करून टाकायचं: 'ही इज लायिंग', 'ही लाइड'. आता ज्याला फसवलं त्याचं काय? 'तो माझ्याशी खोटं बोलला' किंवा 'मुझसे झूठ बोला' डोक्यात ठेवून मुलं 'ही लाइड विथ मी' लिहितात. त्याचा इंग्रजीत भलताच अर्थ होतो, तेव्हा ते लिहूच नये. 'ही लाइड टू मी' एवढंच बरोबर. आणि ज्या गोष्टीबद्दल खोटं सांगितलं तिच्या आधी 'अबाउट': 'ही लाइड टू मी अबाउट हिज मार्क्स'.

जाता जाता आणखी एक. 'टेल अ लाय' म्हणताना 'अ' येतो, पण 'टेल द ट्रूथ' म्हणताना 'द'. मुलं विचारतात, असं का? आम्ही सांगतो, खोटी उत्तरं पन्नास असू शकतात, त्यातलं कुठलंही एक; खरं उत्तर ठरलेलं, एकच. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नसतं, पण मुलांच्या लक्षात राहतं.

आता मथळ्याकडे वळू. उर्दूतलं 'सफ़ेद झूठ' आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. कुणी डोळ्यांत धूळ फेकून, पुरावा समोर असताना खोटं बोलला की आपण म्हणतो, सरासर सफ़ेद झूठ! मराठीत त्याला धादांत किंवा धडधडीत खोटं म्हणतात. इंग्रजीतला 'व्हाइट लाय' शब्दाला शब्द तोच, पण अर्थानं थेट उलटा. पाहुण्यांकडची बिर्याणी खारट झाली असताना 'खाला, फार छान झालीय' असं म्हणतो, तो व्हाइट लाय: कुणाचं मन राखण्यासाठी बोललेलं, कुणाचं नुकसान न करणारं. (तसं बोलावं की नाही हा वेगळा विषय, या सदराचा नव्हे.) तेव्हा एखाद्यानं पैसे बुडवले आणि वर नाकबूल केलं, त्याबद्दल तुम्ही रागानं 'दॅट वॉज अ व्हाइट लाय' असं इंग्रजीत सांगितलंत, तर ऐकणारा समजेल की तुम्ही त्याला माफच केलंत. तिथे 'अ ब्लेटंट लाय' म्हणायचं. आणि आपली थाप, मुलांनी उगाच मारलेली, तिला 'फिब' हा हलका शब्द आहे.

दुसरी अडचण 'खोटं' या शब्दाच्या पसाऱ्याची. आपल्याकडे नोट खोटी, सही खोटी, दागिना खोटा आणि दातही खोटे. इंग्रजीत यातलं काहीच 'लाय' नाही, आणि प्रत्येकाला शब्दही निराळा: नोट 'फेक' किंवा 'काउंटरफिट', सही 'फोर्ज्ड', दागिने 'इमिटेशन'. दातांना मात्र 'फॉल्स टीथ' म्हणतात.

या 'फॉल्स'पाशी जरा थांबावं लागेल. आमच्याकडून शिकून गेलेली एक मुलगी, अब्बा रिक्षा चालवतात. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावातल्या 'मोहम्मद'चं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नव्हतं. हे दुखणं आपल्या समाजात घरोघरी आहे. कुठे 'ओ', कुठे 'यू', शेवटी कुठे 'ए', कुठे 'ई', आणि कुणी नुसतं 'एमओएचडी' लिहून मोकळं. मुलीनं स्वतःच इंग्रजीत अर्ज लिहिला, 'माय फादर्स नेम इज फॉल्स इन द सर्टिफिकेट'. खिडकीवरच्या माणसानं तो वाचला आणि विचारलं, 'म्हणजे दाखला बनावट आहे?' मुलगी रडकुंडीला आली. समजूत पटवायला अब्बांना दोनदा जावं लागलं, दोन दिवस रिक्षा उभी राहिली.

तिनं 'फॉल्स' का लिहिलं हे आम्हांला लगेच कळलं. उर्दूच्या स्वाध्यायात 'सही या ग़लत' असतं, मराठीच्या स्वाध्यायात 'चूक की बरोबर', आणि इंग्रजीच्या पुस्तकात त्याच जागी 'ट्रू ऑर फॉल्स'. मुलांनी जोड लावून टाकली: ग़लत म्हणजे फॉल्स. स्वाध्यायात ते खपतं, कारण तिथे कुणावर आरोप नसतो. कागदपत्रांबद्दल लिहिताना मात्र हा शब्द जड होतो. १८६०च्या भारतीय दंड संहितेत बनावट दस्तऐवजाबद्दलचं जे ४६४वं कलम होतं, त्यातला शब्दच 'फॉल्स डॉक्युमेंट' असा आहे. अर्जात लिहायचं ते इतकंच: 'देअर इज अ स्पेलिंग मिस्टेक इन माय फादर्स नेम', किंवा 'माय फादर्स नेम हॅज बीन स्पेल्ट इनकरेक्टली'. हे वाक्य वहीत उतरवून ठेवा, कधी ना कधी लागेलच.

'लाय'मध्ये हेतू असतो. चुकून चुकीचं सांगणारा 'मिस्टेकन' किंवा 'राँग' असतो, 'लायर' नव्हे. आपण घरात 'चल, खोटारड्या!' असं हसत म्हणतो, तसं 'यू आर अ लायर' हसत म्हणता येत नाही. तो सरळ चारित्र्यावरचा घाव होतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका सदस्यानं दुसऱ्याला 'लायर' म्हटलं, तर सभापती शब्द मागे घ्यायला लावतात. १९०६मध्ये चर्चिल यांनी तिथेच असत्यासाठी 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' असे दोन लांबलचक शब्द वापरले, ते त्यामुळेच आजही सांगितले जातात. पालकसभेत मात्र आम्ही आयांना मुलासमोर 'माय सन इज अ लायर' म्हणताना ऐकलं आहे, तेही डबा खाल्ला की नाही एवढ्याच गोष्टीवरून. 'ही डिडंट टेल मी द ट्रूथ' म्हटलं तर गोष्ट त्या एका डब्यापुरती राहते. (उलट काही मुलं 'लॉयर' घाईत 'लायर' असं उच्चारतात आणि आपले वकील मामा बदनाम करतात!)

राहिला दुसरा 'लाय', पडून राहण्याचा. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण भूतकाळात वाट वेगळी होते. खोटं बोलण्याची रूपं 'लाय, लाइड, लाइड'. आडवं होण्याची 'लाय, ले, लेन'. आणि वस्तू ठेवण्याची 'ले, लेड, लेड'. तापाच्या दिवसांत रजेच्या चिठ्ठ्या येतात, 'आय लाइड इन बेड फॉर टू डेज'. म्हणजे दोन दिवस अंथरुणात खोटं बोलत होतो! 'आय वॉज इन बेड फॉर टू डेज' लिहिलं की पेच सुटतो. परीक्षेत मात्र ही रूपं विचारतात, तेव्हा ती पाठच करायला हवीत.