मुंगीएवढी अक्षरं

ग्राफिक्स ड्रायव्हर रुसला की लिनक्स तुम्हाला काळ्या कन्सोलवर आणून सोडतं. आधीच जीव टांगणीला, त्यात लॅपटॉप फोर-के असेल तर समोरचा एरर वाचायला भिंग हवं. कन्सोलचा जुना फॉन्ट ८ पिक्सेल रुंद, १६ उंच. ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर त्याच्या १३५ ओळी बसतात. चौदा इंची स्क्रीनवर एका ओळीच्या वाट्याला येतो जेमतेम सव्वा मिलिमीटर.

यावर कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, 'रिझोल्यूशन उतरव, व्हीजीए=७९१ टाक.' ७९१ म्हणजे १०२४ बाय ७६८. सीआरटीच्या जमान्यात हे ठीक होतं. पण २००९ च्या २.६.२९ आवृत्तीपासून पडद्याचा मोड ठरवणं हळूहळू कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे गेलं आणि तो पॅनेलचं मूळ रिझोल्यूशनच पकडतो. ७९१ ला तिथे कोण विचारतो? 'व्हिडिओ=' देऊन रिझोल्यूशन बळेच उतरवता येतं, पण एलसीडीवर अक्षरं मोठी होतात तशीच पुसटही होतात.

बदलायचा तो फॉन्ट. डेबियन-उबुंटूवर रूट होऊन 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर कन्सोल-सेटअप' चालवा, टर्मिनस निवडा, आकार १६ बाय ३२. फेडोरा आणि आर्चवाल्यांनी टर्मिनसचं पॅकेज टाकून 'व्हीकन्सोल.कॉन्फ'मध्ये त्याचं नाव लिहावं. तात्पुरतं काम 'सेटफॉन्ट'नेही भागतं. (मराठी नावांच्या फायली मात्र कशानेच दिसणार नाहीत. कन्सोल फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याच्या गावीच नाही.)

माझी तक्रार वेगळीच आहे. हाच मोठा टर्मिनस ५.० पासून कर्नलच्या पोटात आहे. कर्नल बांधताना तो सामील केला असेल, तर नव्या आवृत्त्या दाट पडद्यावर आपणहून तोच निवडतात. मग बूट होताना सुरुवातीचे संदेश ठसठशीत दिसतात आणि अर्ध्यात अचानक अक्षरं आक्रसतात. कारण वितरणाची स्क्रिप्ट मागाहून येते आणि सेटिंगमधला जुना १६ चा आकार वर चढवते. मॉनिटर स्वतःची लांबी-रुंदी संगणकाला कळवतो, तरी इन्स्टॉलर कीबोर्ड विचारतो, टाइमझोन विचारतो, अक्षरं दिसतायत का हे विचारत नाही. चाळिशी लागलेला माणूस ही माहिती शोधणार कुठे? त्याच मुंगीएवढ्या अक्षरांत?

म्हणून डेस्कटॉप धड चालू आहे तोवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोल एकदा बघून घ्या. डोळे बारीक करावे लागले, तर फॉन्ट आजच बदला.