गाडीतले तीन तास

अंबरनाथचे वालधुनीकाठचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. त्याच्या परिसरातून आज भल्या पहाटे कारकून, शिक्षक, विद्यार्थी स्टेशनकडे धावत असतात. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६० किलोमीटर. जाण्यायेण्याचे रोज तीन तास धरले, तर कामाच्या २७५ दिवसांत ८२५ तास होतात. हा वेळ सत्कारणी लावा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. अर्थशास्त्राच्या शिक्षकालाही हा हिशेब मोहात पाडतो. तथापि त्यात एक ढोबळ चूक आहे. गर्दीत एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा तास आणि खिडकीशी बसलेल्याचा तास यांचे मोल एक नव्हे. महिलांच्या डब्यात हे केव्हाच ओळखले गेले आहे: बसावयास मिळाले तर भाजी निवडायची, नाही तर जपून उभे राहायचे. (भजनी मंडळींची गोष्ट निराळी, ती उभ्यानेही टाळ वाजवितात!) विद्यार्थ्यांनी हाच विवेक करावा. जागा मिळाली तर दहा पाने वाचावीत. न मिळाल्यास कालचा धडा मनाशी घोळवावा. रात्री अकरा वाजता पुस्तक उघडण्याचा संकल्प मात्र खुशाल सोडावा. पहाटेची गाडी धरणाऱ्याची झोप त्यातूनच कापली जाते.