थांबणे म्हणजे हरणे नव्हे



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली, मंडळी पांगली. एक ताई मात्र कोपऱ्यात बसून राहिल्या. घरधनी बाजार समितीत हमाली करतात, थोरली मुलगी नर्सिंगचा जी.एन.एम. कोर्स करून जळगावला खाजगी दवाखान्यात नोकरीला आहे. ताईंनी पिशवीतून कागद काढले आणि म्हणाल्या, "भाऊ, पोर लंडनले जाई ऱ्हायनी, पन घर गहाण पडी ऱ्हायनं."

कागद आम्ही वाचले. एका एजंटाने मुलीला लंडनमध्ये 'केअर वर्कर'ची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करण्याची नोकरी देऊ केली होती. एकूण चौदा लाख रुपये, त्यातले पाच लाख आठ दिवसांत. उशीर केला तर जागा जाईल, असा निरोपही होता. अमळनेरचे दोन खोल्यांचे घर सावकाराकडे ठेवून हे पाच लाख उभे राहणार होते.

आपली लेक लंडनला जाणार म्हटले की आपली छाती फुगते. का फुगू नये? ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याची पोर राणीच्या बागेत नव्हे, खुद्द लंडनच्या दवाखान्यात मानाने काम करील, यासारखा आनंद नाही. पण त्या आनंदाच्या भरात आपण कागद नीट पाहत नाही, आणि एजंटाला ते ठाऊक असते.

आम्ही चौकशी केली. केअर वर्करना परदेशातून बोलावण्याची वाट ब्रिटन सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडली आणि २२ जुलै २०२५ पासून नव्या माणसांसाठी बंद केली. मधल्या काळात अनेकांनी लाखो रुपये भरले. तिथे उतरल्यावर कळले की काम नाही, किंवा कंपनीच नावापुरती आहे. त्या सरकारने अशा चारशेहून अधिक केअर कंपन्यांचे परवाने रद्द केले. म्हणजे ताईंच्या मुलीला विकली जात होती ती बंद दाराची किल्ली.

हे सांगितले तेव्हा मुलगी रडली. "माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या, मी इथेच राहायचे का?" असे तिने विचारले. तिला आम्ही एकच गोष्ट सांगितली, तीच आज आपल्या सर्वांपुढे ठेवतो.

१९१६ साली बाबासाहेब अमेरिकेतून लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. अभ्यास रंगात आला आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. पदवी हातात नाही, शिक्षण अर्धवट, आणि परत फिरायचे. बाबासाहेब परत फिरले. पण चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा विद्यापीठाकडून घेऊनच फिरले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, पगारातून पैसे मागे टाकले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. तीन वर्षे थांबले, पण दिशा सोडली नाही.

आणि तिथले जगणे कसे होते? चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि पेलाभर पातळ पेय. मग संध्याकाळपर्यंत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक लागली की एका मित्राने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे. ते पापड खाऊन रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला गेला. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० नंबरच्या घरात ते १९२१-२२ साली राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे.

इकडे परळच्या चाळीत रमाई होत्या. लंडनचा अर्धा भार त्यांनी उचलला होता, हे आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगावे लागत नाही. रमाई १९३५ साली गेल्या. पुढे १९४० साली बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला. परदेशी एकटे माणूस जात नाही, त्याच्या मागे सगळे घर उभे राहते. म्हणूनच घर मोडून जायचे नसते.

मग वाट कोणती? शिकलेल्या नर्सला ब्रिटनची वाट अजून उघडी आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या अटीप्रमाणे आधी इंग्रजीची परीक्षा पास करावी लागते, मग संगणकावरची परीक्षा. या दोन्ही इथे भारतात राहून देता येतात. प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर होते. ब्रिटन सरकारच्या नियमावलीप्रमाणे दवाखान्याच्या नोकरीसाठी उमेदवाराकडून फी घ्यायची नाही. आपल्या देशातही परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला तीस हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. चौदा लाख मागणारा माणूस कोण, हे यावरून ओळखावे.

ज्यांच्या मुलांना पुढे शिकायचे आहे त्यांनी कर्जाआधी शिष्यवृत्तीचा विचार करावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. जागा थोड्या असतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा. ऐनवेळी तहसीलला खेटे घालून मुदत हुकते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये. बिहारच्या एका आदिवासी बाईला घरकामासाठी इंग्लंडला नेऊन रोज अठरा-अठरा तास राबवले, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला. तिने दाद मागितली आणि २०१५ साली तिथल्या कामगार न्यायाधिकरणाने बुडालेल्या मजुरीपोटी एक लाख त्र्याऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा हुकूम केला. जात सामानाबरोबर तिकडेही जाते, पण कायदाही तिथे आहे.

पोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. खोली भाड्याने घेताना पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत सहसा मागता येत नाही. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो, मन खचते. अशा वेळी माणसांत जावे. चिस्विकला अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली स्थापलेला बुद्धविहार आहे. आणि आयांनो, पोरीच्या पेटीत तूप-पेढे घालू नका, दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. आपले ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड खुशाल द्या.

ताईंच्या मुलीने दोन वर्षांचा हिशेब मांडला आहे. दवाखान्याची नोकरी चालू ठेवायची, रात्री इंग्रजी, पगारातून महिन्याला ठराविक रक्कम टपाल खात्यात. परीक्षेची फी त्यातूनच. एजंटाला नकार कळवला. ताईंनी घराचे कागद पुन्हा पेटीत ठेवले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर पैसे देण्याआधी रविवारी विहारात घेऊन या. चार माणसांनी मिळून वाचू. लाज बाळगू नका. परत फिरून पुन्हा जाण्याचा धडा आपल्याला बापानेच घालून दिला आहे.