टिक-टिक कुणाला ऐकू येते?

रविवारी आईबाबांबरोबर मुलुंडहून घाटकोपरला निघालो होतो. भांडुपच्या सिग्नलला गाडी थांबली आणि बॉनेटमधून आवाज आला... टिक-टिक-टिक!

गाडी म्हणजे बाबांची लाडकी मारुती ८००, २००९ची. एप्रिल २०१० पासून मुंबईसह १३ शहरांत हिची विक्री बंद झाली, म्हणजे आमची इथल्या शेवटच्या बॅचमधली. १५ वर्षं झाली तरी विकायचं नाव नाही, उलट आरटीओत खेटे घालून रजिस्ट्रेशन रिन्यू करून आणलं!

"बाबा, इंजिन वाजतंय."

"कुठे? मस्त चाललीये!"

जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "इंजिन खोलावं लागेल." झालं, आईचा चेहरा पडला.

मंडळी, असं कुणी म्हटलं की लगेच पाकीट काढू नका. आधी कान द्या. आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत की फक्त पळताना? सकाळी स्टार्ट करताना 'चीं' असं किंचाळली तर बहुधा बेल्ट ढिला. चढावर खणखणली तर टायमिंग तपासा. खालून जड 'ठक-ठक' आली तर बेअरिंग असू शकतं, तिथेच इंजिन बंद आणि सरळ टोइंग. आणि वरून शिलाई मशीनसारखी हलकी टिक-टिक? बहुतेक वेळा टॅपेट. पण सगळ्यात आधी सपाट जागी, इंजिन बंद करून डिपस्टिक बघा. फुकट टेस्ट आहे!

आमचं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. असंच दामटलं असतं तर इंजिन खरंच खोलावं लागलं असतं. दुसऱ्या मेकॅनिकने ऑइल भरलं, फीलर गेज लावून टॅपेट सेट केले. टिक-टिक गायब.

"आवाज होताच कुठे?" बाबा अजून तेच म्हणत होते.

तेव्हा ट्यूब पेटली. एकेकाळी बिल्डिंगमधले लोक 'काका, जरा ऐकून सांगा' म्हणत गाड्या घेऊन यायचे, ते हेच बाबा. हल्ली डोअरबेल वाजली तरी उठत नाहीत, तेव्हा आम्ही 'पेपरात रमलेत' म्हणून सोडून द्यायचो. वय वाढतं तसे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात म्हणे. डोअरबेल. टॅपेट.

येत्या शनिवारी दोन अपॉइंटमेंट्स घेतल्यात. एक गाडीच्या सर्व्हिसिंगची, दुसरी बाबांच्या कानांच्या तपासणीची.

"आधी गाडी," बाबांनी बजावलंय. मी मान डोलावली. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मात्र "आधी कान" म्हटलं नाही!