आयसीडी बसवल्यानंतर

आयसीडी हे काड्यापेटीहून थोडे मोठे यंत्र. बहुधा डाव्या कॉलर बोनखाली, कातडीत खिसा करून ते बसवतात. तिथून निघालेली तार, म्हणजे लीड, शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात जाते. ठोके जीवघेण्या वेगाने पळू लागले की यंत्र आधी सौम्य, जलद स्पंदने देऊन ती लय मोडू पाहते. रुग्णाला हे अनेकदा जाणवतही नाही. तेवढ्याने भागले नाही, किंवा हृदय नुसतेच थरथरू लागले, तर काही सेकंदांत शक्ती साठवून ते शॉक देते. हा शॉक 35 ते 40 जूलपर्यंत असू शकतो.

पुष्कळ घरांत याला ‘पेसमेकर’च म्हणतात. पेसमेकर मंदावलेले ठोके सावरतो, तर आयसीडी मुख्यतः अचानक येणारा मृत्यू अडवते. अशक्त झालेले हृदय त्याने बळकट होत नाही. म्हणून ‘मशीन बसवलं, आता गोळ्या कशाला’ हा समज धोक्याचा आहे.

ही कल्पना मिशेल मिरॉव्स्की या डॉक्टरांची. त्यांचे गुरू 1966 मध्ये ठोक्यांच्या अशाच बिघाडाने दगावले, आणि तिथून त्यांनी ध्यास घेतला. माणसात पहिले यंत्र बसले 4 फेब्रुवारी 1980 रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. त्या काळी त्यासाठी छाती उघडावी लागे.

आता रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि खरे प्रश्न तिथून सुरू होतात. पहिले चार-सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर लीड जागेवरून सरकू शकते. माळ्यावरचा डबा काढणे, दोरीवर कपडे वाळत घालणे ही कामे तेवढे दिवस दुसऱ्याने करावीत. पण भीतीने हात अजिबात न हलवल्यास खांदा आखडतो. जखम लाल झाली, सुजली, तिच्यातून स्राव आला किंवा ताप आला, तर मलम लावत बसू नये. खिशात जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा यंत्र आणि लीड दोन्ही काढावी लागतात. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षांनी संपते, तेव्हा अख्खे यंत्र बदलतात आणि संसर्गाचा धोका पुन्हा उभा राहतो.

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत नाजूक भाग म्हणजे लीड. प्रत्येक ठोक्याबरोबर ती वाकते, वर्षानुवर्षे. तिच्या आतली तार तुटली तर त्यातून उठणाऱ्या विद्युत खरखरीला यंत्र ठोके समजते आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला शॉक देते. स्प्रिंट फिडेलिस या लीडमध्ये हा दोष आढळल्यावर 2007 मध्ये तिची विक्री थांबवावी लागली. तोवर जगभरात सुमारे 2 लाख 68 हजार लीड बसल्या होत्या. चुकीच्या शॉकचे दुसरे मोठे कारण म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली अनियमित धडधड. ‘मॅडिट-आरआयटी’ या 2012 च्या अभ्यासात यंत्राला जरा जास्त वेगापर्यंत किंवा जरा जास्त वेळ थांबायला लावले, तर असे चुकीचे उपचार कमी झाले आणि मृत्यूही घटले. सेटिंग ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. तपासणीला गेल्यावर तिच्याविषयी विचारलेच पाहिजे.

छातीवर घोड्याची लाथ बसावी, असे शॉकचे वर्णन रुग्ण करतात. जवळच्या माणसाने हात धरलेला असेल तर त्याला झिणझिण्या येतील, अपाय होणार नाही. एकच शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ शॉक बसले, चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले तर तडक रुग्णालय गाठावे. इतके तरी घरी सोडताना कुटुंबाला बसवून सांगायला हवे. नाहीतर पहिल्या शॉकनंतर माणूस जिना चढायला घाबरतो, एकटा झोपत नाही. ही भीतीही एक गुंतागुंतच आहे आणि तिच्यावर समुपदेशनाचा उपचार आहे.

घरात मिक्सर, टीव्ही वापरायला हरकत नाही. इंडक्शन शेगडीपासून मात्र दोन फूट अंतर ठेवावे, आणि मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये: त्यातले चुंबक जवळ आले तर अनेक यंत्रांचे शॉक देणे तेवढ्यापुरते थांबते. विमानतळावर यंत्राचे ओळखपत्र दाखवावे. हातातला डिटेक्टर यंत्रावर धरून ठेवू देऊ नये.

शेवटचा विषय घरात कुणी काढत नाही. कॅन्सर किंवा अन्य आजाराने अंत जवळ आला असेल, तर शॉक बंद करता येतात. शस्त्रक्रिया लागत नाही. यंत्राची सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या प्रोग्रामर या उपकरणाने ते होते आणि यंत्राचे पेसमेकरसारखे काम चालूच राहते. मरणाच्या दारातल्या माणसाला शॉक बसताना घरच्यांनी पाहावे, इतके क्रूर दुसरे काही नसेल. म्हणून हे बोलणे रुग्ण शुद्धीवर असतानाच व्हावे. मृत्यूनंतर दहनापूर्वी यंत्र काढावे लागते, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. काढण्याआधी ते प्रोग्रामरने बंद करून घ्यावे, नाहीतर काढणाऱ्याला शॉक बसू शकतो.